गाव द्या, मास्तर

मंगळवार, १७ सप्टेंबर

अठ्ठावन्नाव्या वर्षी मला मागच्या बाकावर बसवलं. तेही चौथीच्या वर्गात, जिथे गुडघे बाकाखाली मावत नाहीत.

मोठ्या बाईंनी सकाळी बोलावून घेतलं. म्हणाल्या, "ल्वेबुगा मास्तर, नामुयीगा बाईंच्या वर्गात रोज एक तास बसा. त्या काय करतात, कसं करतात, सगळं नीट ध्यानात ठेवा."

मी काय ते समजलो. ही नामुयीगा गेल्या सत्रात कंपालाहून आली. पालकांची कुरकुर आहे की वर्गात दंगा असतो आणि इंग्रजी ऐकूच येत नाही. चौथीचं वर्ष अवघड. तिसरीपर्यंत पोरं आमच्या लुगांडा भाषेत शिकतात, पाचवीत सगळं एकदम इंग्रजी, आणि मधल्या या एका वर्षात त्यांना त्या काठावरून या काठावर आणायचं. माझा उपाय साधा आहे. चौथीपासून वर जो लुगांडा बोलेल त्याच्या गळ्यात लाकडी फळी. संध्याकाळपर्यंत मिरवायची. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते.

तीच फळी हिने चौथीत भिंतीला टांगली आहे, आणि वर खडूने तीन इंग्रजी सुरुवाती लिहिल्यात: 'आय सी', 'आय थिंक', 'आय वंडर'. मला दिसतं, मला वाटतं, मला प्रश्न पडतो. पोरांनी पुढचं आपलं आपण जोडायचं. आधी शेजाऱ्याशी लुगांडात भरपूर बोलून घ्यायचं, मग फळीकडे बघत इंग्रजीत एक वाक्य. बाई स्वतः खुर्चीत बसून. पोरंच तिची खुर्ची सावलीकडे सरकवतात, पाणी आणून देतात. याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं. गोमेसी, आमच्या बायकांचा तो पायघोळ झगा, तोही कसला ढगळ घालते! शहरातलं खाणं अंगी लागलेलं दिसतंय.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आज लाज गेली.

बाईंनी विचारलं, "केळीच्या बागेत पाऊस थांबल्यावरही पाणी टपकत का राहतं?" आणि गप्प बसल्या. वर्ग गप्प. मला वाटलं धडा विसरल्या. अशी शांतता मला सहन होत नाही. शेवटी मागून मीच उत्तर देऊन टाकलं.

"मास्तर," बाई हसून म्हणाल्या, "तुमचा नंबर नव्हता."

पोरं बाकावर डोकी ठेवून खिदळली. बाईंनी मग समजावलं की प्रश्न टाकल्यावर वाट बघायची असते. जी पोरं मनात आधी लुगांडात विचार करतात आणि मग इंग्रजी शब्द शोधतात, त्यांना वाट लांबची पडते. चटकन हात वर करणाऱ्यालाच विचारलं, तर बाकीचे चालणंच सोडून देतात.

बरोबर असेल. पण पुढचं बघा. एका पोराने विचारलं, "बाई, गोगलगाय घर घेऊन जन्मते की नंतर बांधते?" बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही." आणि वर्ग ओरडला, "गाव द्या! गाव द्या!"

आपला कोड्यांचा खेळ! लहानपणी शेकोटीभोवती 'कोयी कोयी' म्हणून कोडं घालायचं, समोरच्यांनी 'ल्या' म्हणायचं, आणि उत्तर आलं नाही तर कोडं घालणाऱ्याला एक गाव देऊन टाकायचं. तो त्या गावाचा राजा. हिने तो वर्गात आणलाय. बाईंना उत्तर आलं नाही की बाईंनी गाव द्यायचं, मग सगळ्यांनी मिळून उत्तर शोधायचं. मागच्या भिंतीवर नकाशा काढलाय. एका सत्रात बाईंनी मसाका दिलं, म्पिगी दिलं, मित्याना दिलं, आज गोगलगायीपायी एंटेब्बे गेलं. अर्धं राज्य वाटून बसल्यात.

पगार घ्यायचा आणि रोज पोरांकडून हरायचं! माझं गाव क्यान्जाले मी आजवर कोणाला दिलेलं नाही. शेकोटीला नाही, शाळेत तर नाहीच.

मंगळवार, १ ऑक्टोबर

वर्गात एक थोराड मुलगी आहे, नाब्बोसा. तेरा वर्षांची. चौथीत तिसऱ्यांदा. पहिल्या दोन वेळा माझ्याच हाताखाली होती. फळी तिच्या गळ्यात इतकी असायची की पोरं तिलाच 'फळी' म्हणत. नंतर तिने बोलणंच सोडलं, लुगांडाही नाही. मला वाटलं होतं, पालथ्या घड्यावर पाणी.

तिचा मामा मायेगा आज फाटकाशी भेटला. वडील नाहीत, आई आजारी, दोघी बहिणींना त्यानेच वाढवलं. माणूस वाईट नाही, तापट आहे.

"मास्तर, या खेपेला पास होईल का?"

"इंग्रजी निबंधावर आहे सगळं."

"झाली तर शिकू दे. नाही झाली, तर नाताळच्या आधी ती निळ्या गाडीवाली बाई मुली न्यायला येईल, तिच्याबरोबर जाईल कंपालाला. घरकामाला. मी तरी किती वर्षं एकाच इयत्तेचा गणवेश शिवू?"

बोलणं रास्त आहे. मोठी बहीण नान्योंगा दोन वर्षांपूर्वी त्याच बाईबरोबर गेली. फोन बंद असतो म्हणतात, पण सुखात असणार. नाहीतर परत आली असती.

वर्गात मात्र आज एक नवल पाहिलं. आमच्या मुली मोठ्यांशी बोलताना गुडघे टेकतात, तसे नाब्बोसाने बाईंसमोर टेकले. बाई म्हणाल्या, "नमस्कार करताना टेक, बाळ. प्रश्न विचारताना उभं राहायचं." ती उठली. प्रश्न काही आला नाही, पण बराच वेळ उभी राहिली, आणि बाईंनी तिला बसायला सांगितलं नाही. शेवटी घंटाच झाली.

गुरुवार, १० ऑक्टोबर

हवा कुंद. वारुळांमधून पंखवाली वाळवी निघायचे दिवस आले. घराघरात ती तव्यावर भाजल्याचा वास, आणि पोरांचं लक्ष फळ्यावर कसलं राहतंय! मी असतो तर छडी घेतली असती. नामुयीगा बाईंनी वाळवीच फळ्यावर घेतली.

"आपण वारुळावर काठ्या ठेवून ताल धरतो आणि ती बाहेर येते. का येते?"

मी ओठ दाबून धरले. पोरं आपसात भांडू लागली. एक म्हणालं, तिला पाऊस आला असं वाटतं. दुसरं म्हणालं, ती एरवीही आलीच असती, आपण उगाच हात दुखवतो. बाई म्हणाल्या, "भांडू नका. कसं कळेल ते सांगा." आणि पोरांनीच ठरवलं की शेजारशेजारची दोन वारुळं घ्यायची, एकावर ताल धरायचा, दुसरं नुसतं बघायचं.

आता शब्द. प्रत्येक गटाने चित्र काढलं, चित्राला लुगांडा नाव दिलं, बाईंनी शेजारी इंग्रजी नाव चिकटवलं. वारूळ, भोक, पंख, काठी, बाहेर येणे, वाट बघणे. मी असे शब्द वीस वर्षं पाठ करून घेतले, आणि पोरांनी वीस वर्षं ते दुसऱ्या दिवशी विसरून दाखवले. आज तेच शब्द पोरं मागून घेत होती, "बाई, 'फसवणे'ला काय म्हणतात?" अशी. कारण त्यांना काहीतरी सांगायचं होतं. हे मला सुचायला हवं होतं.

'फसवणे' हा शब्द नाब्बोसाने मागितला. सत्रभरातलं तिचं पहिलं तोंड उघडणं.

वारुळं कुठली घ्यायची, हे मी सांगितलं. चर्चमागची दोन, एका मेलेल्या विधवेची, बेवारशी आहेत. गावातलं मला माहीत नाही असं काय आहे?

बुधवार, १६ ऑक्टोबर

प्रयोग झाला. पुरावा खाल्ला गेला.

तालाच्या वारुळातून वाळवी अशी भळाभळा आली की केळीचं पान घातलेला खड्डा भरून सांडला. दुसऱ्या वारुळातून एक नाही. बाई ओरडत होत्या, "मोजा! लिहा!" आणि पोरांचे दोन्ही हात तोंडात. पंख उडवायचे, जिवंत वाळवी चघळायची. मीही दोन मुठी घेतल्या. बाईंनी मात्र एकही खाल्ली नाही, वासानेच त्यांचं तोंड वळलं आणि त्या झाडामागे गेल्या. शहरी पोट!

मग पोरं जमिनीवर बसून निष्कर्ष सांगू लागली. 'आय सी', 'आय थिंक' असं करत, अडखळत, पण आपलं आपण. आणि नाब्बोसा उभी राहिली. गुडघे टेकले नाहीत. लुगांडात म्हणाली, "बाई, दरवर्षी आपण हाच ताल धरतो. दरवर्षी ती फसते. ती शिकत का नाही?"

बाईंनी वाट पाहिली. मीही पाहिली.

"गाव द्या," पोरं हळूच म्हणाली. बाईंनी जिंजा दिलं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

वारूळ बेवारशी नव्हतं. विधवेच्या मागे ते मायेगाकडे गेलं होतं. त्याने भोवतीचं गवतही साफ करून ठेवलं होतं, म्हणजे आमच्याकडे ते कुंपणच झालं. साफ केलेलं गवत मी डोळ्यांनी पाहिलं, आणि मनात आलं काय, तर 'वा, बसायला छान जागा'.

सकाळी तो शाळेत थडकला. "मास्तर, दुसऱ्याचं वारूळ वाजवायला शिकवता? कोंबडी चोरली असती तर बरं होतं, कोंबडी परत तरी देता येते!"

मी पुढे झालो. "चूक माझी. मी सांगितलं होतं."

"आणि ही," त्याने नाब्बोसाकडे बोट केलं, "हिला ठाऊक होतं वारूळ माझं आहे. तरी तोंडातून शब्द नाही! तीन वर्षांत काय शिकली? वाळवी चोरायला! बास. नाताळची वाट नाही बघायची. ती गाडीवाली बाई आली की पाठवतो."

नाब्बोसा खाली बघत राहिली. नामुयीगा बाई खुर्चीतून सावकाश उठल्या. अदबीने म्हणाल्या, "सेबो, हिने काल असा प्रश्न विचारला की मला जिंजा देऊन टाकावं लागलं. पंधरा नोव्हेंबरला पोरं आपलं लिहिलेलं आईबापांना वाचून दाखवणार आहेत. तेवढं ऐका. मग न्या."

मायेगाने बाईंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, एकदम नरमला, म्हणाला, "तुम्ही बसा, बाई. उभ्या राहू नका. येतो मी पंधराला." तापट माणूस, पण बाईमाणसाची अदब राखतो, हे आवडलं मला.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

लिहिणं सुरू झालं आणि माझं पेनही जप्त झालं. लाल पेन, शिक्षक झालो तेव्हापासूनचं. मी वह्या गोळा केल्या, टोपण उघडलं, तर बाईंनी हातात पेन्सिल दिली.

"पहिल्या खेपेला चुका नाही बघायच्या, मास्तर. पोरगं काय सांगतंय ते वाचायचं आणि खाली एक प्रश्न लिहायचा. खराखुरा. ज्याचं उत्तर तुम्हाला हवंय असा."

"आणि चुका?"

"त्या कुठे पळून जातात? शेवटच्या खेपेला बघू. आज बोलायला लागलेल्या पोराच्या प्रत्येक शब्दाला टोकलं, तर ते उद्या बोलेल का?"

मी नाब्बोसाकडे बघायचं टाळलं.

खराखुरा प्रश्न लिहिणं महाकठीण. एरवी मी उत्तर माहीत असलेलेच प्रश्न विचारतो. नाब्बोसाने तीन वाक्यं लिहिली होती इंग्रजीत: वाळवी ताल ऐकते. ती बाहेर येते. आम्ही खातो. मी बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं, 'तू त्या दिवशी विचारलंस की ती शिकत का नाही. तुला काय वाटतं?'

मंगळवार, २९ ऑक्टोबर

उत्तर आलं! 'मला वाटतं, ज्या बाहेर जातात त्या परत येत नाहीत. मग आतल्यांना सांगणार कोण?'

मी खुर्चीत सरळ झालो. किती नेमकं! शास्त्रज्ञाचं डोकं आहे पोरीचं. मी खाली लिहिलं, 'मग आतल्या काय करतात?'

दुपारी वही परत आली. 'त्या वाट बघतात. नाताळला आई रस्त्याकडे बघते.'

इथे मात्र गाडी घसरली. मी लिहिलं, 'छान. पण वाळवीला नाताळ नसतो.' आणि गंमत म्हणून नामुयीगा बाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिल्या, मग हाताने डोळे टिपले. म्हणाल्या, "मास्तर, ती तुमच्या प्रश्नांसाठी लिहितेय. विचारणं थांबवू नका."

हल्ली फार थकतात बाई.

सोमवार, ४ नोव्हेंबर

मोठ्या बाईंनी सांगितलं, नामुयीगा बाई आजपासून रजेवर. चौथी तुमच्याकडे.

"रजा? परीक्षेच्या तोंडावर? कसली?"

मोठ्या बाई माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिल्या. "मास्तर, उगाच का तुम्हाला दीड महिना तिथे बसवलं?"

म्हणजे मी परीक्षक नव्हतोच. विद्यार्थी होतो! आणि बाईंना काय झालंय ते कोणी सांगत नाही. सगळे मूग गिळून बसलेत. गंभीर दुखणं असणार. त्या खुर्चीत बसायच्या त्याला मी आळस म्हणालो होतो. वाईट वाटलं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

पहिले दोन दिवस फजिती. प्रश्न मी टाकायचो आणि उत्तरही मीच. पोरं सहन करत होती. बुधवारी एक टीचभर पोर म्हणालं, "मास्तर, बाई प्रश्न विचारून झाला की ओठांवर बोट ठेवायच्या. स्वतःच्या."

तेव्हापासून ठेवतो. बोटाला दातांच्या खुणा पडल्यात.

पण ऐकू काय काय यायला लागलं! ज्या पोरांना मी मठ्ठ समजत होतो ती, मी थोडं थांबलो की, बोलतात. आधी लुगांडात, मग एकमेकांना शब्द उसने देत इंग्रजीत. सगळ्यांनी मिळून फळ्यावर एक परिच्छेद लिहिला, मी नुसता लेखनिक. 'असं नको मास्तर, तसं लिहा' म्हणून मला तीनदा पुसायला लावलं. या जन्मात मला कोणी पुसायला लावलं नव्हतं. सांगायला हरकत नाही, मजा आली. नामुयीगा बाई माझ्या मुलीच्या वयाची असेल, मुलगी असती तर. पण गुरू म्हणायला माझी जीभ आता अडत नाही.

वरच्या वर्गांतली फळीही काढली. कारण विचारलं तर सांगेन, वाळवी लागली.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

आजचं आजच लिहून ठेवायला हवं.

फणसाच्या झाडाखाली पालक जमले. पोरांनी इंग्रजीत वाचायचं, मग तेच लुगांडात सांगायचं, म्हणजे आजीलाही कळावं. वाचून झालं की टाळ्या. एका बापाने पोराचं इंग्रजी ऐकून टोपी हवेत उडवली, ती फणसावर अडकली. मायेगा मागे झाडाला टेकून उभा होता, हातांची घडी.

शेवटी नाब्बोसा. आधी मामासमोर गुडघे टेकले. मग उठून पुढे आली. कागद हातात होता, पण तिने तो उघडला नाही.

"कोयी कोयी!" आवाज स्वच्छ.

"ल्या!" सगळं गाव.

"ताल ऐकून त्यांना वाटतं पाऊस आला. त्या नटून बाहेर येतात. आणि मागे सांगायला एकही परत येत नाही. ओळखा."

"वाळवी!" सगळे एका सुरात ओरडले. पोरं, म्हातारे, मोठ्या बाईसुद्धा.

"नाही," नाब्बोसा म्हणाली.

लोक एकमेकांकडे बघू लागले. मीही विचार करू लागलो, मुंगी, मासा, काय काय. सहज नजर मायेगाकडे गेली. त्याच्या हातांची घडी सुटली होती. आणि बाजूला चटईवर नाब्बोसाची आई, आजारी बाई, गोमेसीचं टोक तोंडात धरून रस्त्याकडे बघत होती.

तेव्हा मला कळलं. एवढे दिवस पेन्सिलीने विचारत होतो आणि ती सांगत होती. 'वाळवीला नाताळ नसतो' असं मी तिला लिहून दिलं होतं! मी, सगळं माहीत असलेला ल्वेबुगा!

उत्तर जिभेवर होतं. माझं तोंड उघडलंही. आयुष्यभर मी अशा वेळी बोललोय. आणि मी बोललो असतो, तर ते मास्तरांचं उत्तर झालं असतं. तिचं नसतं झालं. मी ओठांवर बोट ठेवलं. ती माझ्याकडे बघत होती.

मी उभा राहिलो. "हरलो," म्हणालो. "घे. क्यान्जाले तुझं."

जुने लोक चपापले. माझं गाव कधी गेलेलं नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

"गाव घेतलं," नाब्बोसा म्हणाली. मग आधी इंग्रजीत, अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत: "मला दिसतं, निळी गाडी येते. मला वाटतं, ती गाडी म्हणजे ताल आहे. मला प्रश्न पडतो, माझी बहीण का परत आली नाही." आणि मग लुगांडात, मामाकडे बघून, "उत्तर आहे, कंपालाला पाठवलेल्या मुली. आता गाव माझं आहे. माझ्या गावातून न विचारता कोणाला पाठवायचं नाही."

कोणी टाळी वाजवली नाही. मायेगा वळला आणि निघून गेला.

मी घरी येऊन चूल पेटवली नाही. बसून राहिलो. मला या पोरीचा इतका अभिमान वाटतोय की भूकच नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

उजाडताना दारात "ओदी?" म्हणून हाक. मायेगा. डोळे तांबारलेले.

"मास्तर, रात्रभर डोळा नाही लागला. दोन वर्षं मी स्वतःला सांगतोय, सुखात असेल."

"मीही तेच म्हणत होतो," मी म्हणालो.

"जातो शोधायला. त्या बाईचा पत्ता आहे, अर्धामुर्धा. पण शहरातल्या पाट्या इंग्रजीत. मला ना वाचता येतं, ना कोणाला चार प्रश्न विचारायची सवय." जरा थांबला. "नाब्बोसाला नेऊ? तिला दोन्ही येतं."

परीक्षा सोमवारी पंचवीसला. जी मुलगी कंपालाला जाऊ नये म्हणून एवढा खटाटोप, ती कंपालालाच चालली. मी म्हणालो, "ने. पण परत आण."

बुधवार, २० नोव्हेंबर

काही खबर नाही. शिकवताना माझी नजर खिडकीतून रस्त्यावर जाते. पोरांचीही जाते. आज कोणी प्रश्न विचारला नाही, मीही नाही. वाट बघणाऱ्याची काय गत होते ते आता कळतंय.

संध्याकाळी मोठ्या बाई हसत आल्या. "नामुयीगा बाईंना मुलगी झाली! दोघी ठणठणीत."

"मुलगी? त्या... म्हणजे दुखणं..."

"मास्तर! तुम्ही दीड महिना त्यांच्यासमोर बसला होतात. तुम्हाला काय दिसत होतं?"

"गोमेसी," मी म्हणालो.

मोठ्या बाई भिंतीला धरून हसल्या. "गाव द्या, मास्तर, गाव द्या!"

पण माझ्याकडे गाव उरलंय कुठे?

शनिवार, २३ नोव्हेंबर

आले! तिघं आले!

चौकात गाडीतून उतरले. मायेगा, नाब्बोसा, आणि मध्ये दोघांनी धरलेली नान्योंगा. वाळून काडी झाली आहे. मला ओळखून गुडघे टेकायला लागली, मी टेकू दिले नाहीत. तिची आई रस्त्यातच बसली आणि मुलीचे पाय चाचपत राहिली, खरेच आहेत ना म्हणून.

मायेगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "पत्त्यावर कोणी नव्हतं. मी परत फिरत होतो. ही हटेना. प्रत्येक दुकानात, प्रत्येक फाटकात, पाटी वाचायची आणि विचारायचं. लोक हुसकवायचे. ही तिथेच उभी राहायची. उत्तर येईपर्यंत. कोणी शिकवलं हो हे तिला?"

मी नामुयीगा बाईंचं नाव सांगितलं. नान्योंगा सापडली त्या घराचं फाटक बाहेरून बंद असायचं, एवढंच तिने सांगितलं. बाकी सांगेल तेव्हा सांगेल. रात्री तिच्या अंगणात गावातल्या सगळ्या वयात आलेल्या मुली जमल्या होत्या, म्हणे, ऐकायला.

सोमवार, २५ नोव्हेंबर

इंग्रजीचा पेपर झाला. निबंधाचा विषय होता 'माझे गाव'. नाब्बोसाने जास्तीचं पान मागून घेतलं. पास होईल की नाही ते निकाल सांगेल. मायेगा मात्र पाचवीचा गणवेश शिवायला टाकून मोकळा झालाय.

शाळा सुटल्यावर ती फाटकाशी भेटली. मी विचारलं, "काय राणीसाहेब, तुमच्या क्यान्जालेमध्ये एका म्हाताऱ्याला राहू द्याल का?"

मी वाट पाहिली.

"राहा," ती म्हणाली. "पण मास्तर, पेन्सिल घेऊन."